नववा दिवस

विद्यापीठाच्या दवाखान्यात सतरा वर्षं इंजेक्शनं देणाऱ्या त्या बाईला सगळे नुसतं 'सिस्टर' म्हणत. तिचा हात फार हलका. मुलं दंड पुढे करून, डोळे गच्च मिटून म्हणायची, "टोचा ना एकदाचं!" आणि सिस्टर म्हणायची, "ऊठ बाबा, कधीच झालं. मागे रांग बघ."

तिला एकुलता एक मुलगा होता. लहानपणी हा मुलगा दोन्ही खिशांत शेंगदाणे भरून घरभर हिंडायचा, म्हणून बापानं त्याचं नाव खारू पाडलं, आणि तेच चिकटलं. खारू आता वीस वर्षांचा होता, त्याच विद्यापीठात दगडमातीचं शास्त्र शिकत होता, आणि गेले चौदा महिने आईशी बोलत नव्हता.

अगदीच अबोला होता असं नाही. फोन केला तर उचलायचा. "हो", "बरा आहे", "ठेवतो" एवढी तीन उत्तरं ठरलेली. घर बसनं वीस मिनिटांवर असताना तो हॉस्टेलवर राहायला गेला होता. जाताना त्यानं बॅग भरली, तेव्हा सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "थंडीचं काही घेतलंस का?" एवढंच तिला विचारता आलं. त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला आजतागायत कळलेलं नाही.

कारण होतं खारूच्या बापाचं जाणं. तो लिफ्टचा मेकॅनिक. शहरातल्या निम्म्या लिफ्टा त्याच्या जिवावर वरखाली करत, आणि स्वतः राहायचा बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. "देवानं माझी चेष्टा करायची ठरवली, तर घर तरी कुठे देणार दुसरं?" असं तो धापा टाकत म्हणायचा. त्या वर्षी दवाखान्यात फ्लूची लस आली, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही मिळणार होती. सिस्टरनं त्याला बोलावून घेतलं. सोमवारी दुपारी तो कामावरून तसाच आला, हाताला ग्रीसचा वास. तिनं दंड पुसला, टोचलं. तो म्हणाला, "झालं? एवढ्यात तर माझा एक स्क्रूसुद्धा निघत नाही."

त्यानंतर नवव्या दिवशी, बुधवारी, एका कचेरीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो काम करता करता खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या बंद, दुखणं जुनं. सिस्टरनं तो कागद तीनदा वाचला. खारूनं एकदाही वाचला नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून, तो एवढंच म्हणाला, "तू टोचलंस म्हणून."

दवाखान्याची एक खिडकी कॅन्टीनच्या वाटेकडे उघडायची. पाऊण वाजता खारू तिथून जायचा. डावा खांदा जरासा खाली ठेवून चालायचा, हुबेहूब बापासारखा. बाप तीस वर्षं त्या खांद्यावर हत्यारांची पिशवी वाहत होता, म्हणून त्याचा खांदा उतरला होता. पोराचा कशानं उतरला कोण जाणे. पाऊण वाजला की सिस्टर काहीतरी काम काढून खिडकीपाशी जायची. कापसाचा डबा तिथेच ठेवायची. खारूनं वर कधी पाहिलं नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची लिफ्टही नवऱ्याच्याच हाताखालची. आत एका चौकटीत कार्ड लावलेलं असे: तपासणीची तारीख, पुढे सही. त्याची सही म्हणजे एक वेटोळं आणि खाली दोन ठिपके. वाचायचं काही नसताना सिस्टर आठवड्यातून एकदा तरी त्या लिफ्टनं पाचव्या मजल्यापर्यंत जायची आणि परत यायची. एक दिवस गेली तर कार्ड बदललेलं. नवीन मेकॅनिकची सही मोठी, सुबक, वाचता येईल अशी. तिनं ग्रंथपालाला विचारलं, जुनं कार्ड कुठे ठेवतात. तो म्हणाला, "ठेवतात कशाला? भरलं की टाकतात." त्यानंतर ती त्या लिफ्टमध्ये गेली नाही.

अशात हॉस्टेल नंबर तीनमध्ये दोन मुलांना मेंदूज्वर झाला. एक बरा झाला. दुसराही वाचला, पण त्याचा एक कान गेला. विद्यापीठानं घाईघाईनं लस मागवली आणि बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेबलं मांडली. एका टेबलावर दवाखान्याच्या डॉक्टरबाई, दुसऱ्यावर सिस्टर, आणि दारात नोंदी करायला निवृत्तीला आलेले एक कारकून, ज्यांना सगळे भाऊ म्हणत. हॉस्टेलांमध्ये मिळून नऊशे चाळीस मुलंमुली. पहिल्या दिवशी आली चौऱ्याहत्तर.

"सिस्टर, ह्या रकान्याचं काय करू?" भाऊंनी विचारलं. न घेणाऱ्यांनी कारण लिहायचं होतं. "सगळे म्हणतात सोमवारी येतो. आता सोमवारात मुंगी शिरायला जागा नाही."

कारणं तऱ्हेतऱ्हेची होती. एकाची मॅच होती. एकीची परीक्षा होती आणि ताप परवडणारा नव्हता. एक दांडगा, पैलवानासारखा मुलगा म्हणाला, "आधी अभ्यास करून ठरवतो," आणि सुईकडे पाहून त्याचे कान पांढरे पडले. एक जण म्हणाला, आमच्यावर प्रयोग चाललाय. एकीनं सरळ सांगितलं, "आईला विचारते." सिस्टरला ते कारण सगळ्यांत आवडलं. "विचार," ती म्हणाली. "आणि नुसतं हेच विचारू नकोस. बोल जरा तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरबाईंनी न आलेल्यांच्या याद्या वाटल्या. एकेकाला फोन करायचा होता. हॉस्टेल तीनचं, म्हणजे खारूच्या हॉस्टेलचं, पान त्यांनी स्वतःकडे ठेवलं. सिस्टरनं हात पुढे केला.

"राहू द्या सिस्टर, हे मी करते."

"का? माझा फोन बिघडलाय का?"

डॉक्टरबाईंनी पान दिलं. खारूचा नंबर अर्थातच तिला पाठ होता, तरीही तिनं यादीत बघून एकेक आकडा दाबला.

"हॅलो. दवाखान्यातून बोलतेय."

पलीकडे मुलांच्या गलक्यात दार लावल्याचा आवाज आला. मग खारू म्हणाला, "कामाचा फोन आहे का?"

"हो. लसीचा. तुमच्या हॉस्टेलमध्ये..."

"माहीत आहे. मला नको. कारण लिहायचं असेल तर तेवढंच लिहा."

लिहा. आईला 'लिहा' म्हणाला. जन्मात कधी त्यानं तिला अहोजाहो केलं नव्हतं. सिस्टरनं रकान्यात 'नको' असं लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. पुढच्या मुलाशी ती छान बोलली. तो मुलगा यायला तयार झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी आली. चष्मा, ओढणीच्या टोकाशी चाळा, पाठीवर तिच्याहून जड सॅक. खुर्चीवर बसली, बाही वर केली आणि पुन्हा खाली ओढली.

"सिस्टर, खरं सांगाल?"

"मला आत्तापर्यंत खोटं सांगताना पकडलंय कुणी?"

"हॉस्टेल तीनमध्ये एक मुलगा आहे. त्याचे बाबा अशीच सुई घेऊन दुसऱ्या दिवशी गेले. चांगले धडधाकट होते. चालता चालता पडले. आणि त्याच्या आईनंच टोचली होती म्हणे. ती नर्स आहे कुठेतरी."

सिस्टरच्या हातात कापसाचा बोळा होता. तो तिनं ताटलीत ठेवला, मग पुन्हा उचलला. आपल्या घरातलं माणूस असं परक्या तोंडून, वाटेत कुठे कुठे बदलून, आपल्याच टेबलापाशी येऊन बसेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. गप्प राहणं सोपं होतं. "अशा गोष्टी उठतात गं," म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नवव्या दिवशी," ती म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्या नाही. नवव्या. बुधवार होता. चालता चालता नाही, काम करताना. आणि लस ही नव्हती, फ्लूची होती."

मुलीचा चेहरा एकदम उतरला. "सॉरी," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार?"

"मग... मग तुम्ही अजून कसं टोचता?"

हे सिस्टरला कुणी विचारलं नव्हतं. शेजाऱ्यांनी नाही, नात्यातल्यांनी नाही. मागून बोलले असतील ते असोत. "पहिले काही दिवस नाही टोचलं," ती म्हणाली. "नुसत्या नोंदी केल्या. मग मी रिपोर्ट घेऊन दोन डॉक्टरांकडे गेले. त्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. मला माझ्याच कानांनी दोनदा ऐकायचं होतं. दुखणं जुनं होतं, छातीत होतं. सुईचा त्यात हात नव्हता. हे मला कळतं. पण कळलं म्हणून कापूस घेताना आठवण येत नाही असं थोडंच आहे? रोज येते. आठवण आली तरी टोचता येतं, एवढं मी शिकले."

मुलीनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मग उठली. "उद्या येते," म्हणाली. सिस्टरनं तिच्या नावापुढचा रकाना कोराच ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता हॉल जेवणासाठी बंद झाला. डॉक्टरबाई आणि भाऊ कॅन्टीनला गेले. सिस्टर लसीच्या थंड पेटीतला बर्फ बदलत होती. दाराशी कुणीतरी उभं होतं. वर न बघताच तिनं ओळखलं, कारण खांदा चौकटीला टेकल्याचा आणि मग पाय पुसल्याचा आवाज आला होता. ती सवय त्यांच्या घरात फक्त दोघांना होती.

"तू तिला सांगितलंस," खारू म्हणाला.

"हो."

"बुधवार म्हणालीस."

"बुधवारच होता."

तो आत आला. मुलांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसला, तिच्यापासून तीन खुर्च्या सोडून. वाळला होता. दाढी नीट केलेली नव्हती. सिस्टरनं पेटीचं झाकण लावलं आणि आपले ओले हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना.

"दुसरा दिवस मी कधीच म्हणालो नव्हतो. ते बाकीच्यांनी केलं. मी नववाच सांगायचो."

"माहीत आहे मला. तू आकड्यात चुकत नाहीस."

"आई, त्याच्या आधी..."

"कशाच्या आधी?"

"सुईच्या आधी. दोन आठवडे तरी. बाबा तिसऱ्या मजल्यावर थांबायचे. बुटाची नाडी सुटली म्हणून खाली बसायचे. मी एकदा पाहिलं, नाडी बांधलेलीच होती." तो जमिनीवरच्या बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघेकडे बघत बोलत होता. "घाम यायचा त्यांना. डावा हात चोळायचे. मी विचारलं, तर म्हणाले, पाना फिरवून फिरवून धरलाय."

सिस्टरच्या आतली नर्स आपोआप जागी झाली. जिना, घाम, डावा हात. कुठल्याही परक्या माणसानं दारात येऊन एवढं सांगितलं असतं, तर तिनं त्याला एक पाऊलही पुढे टाकू दिलं नसतं.

"मला का नाही सांगितलंस?" तिचा आवाज चढला.

"ते म्हणाले, तुझी आई लगेच इस्पितळात झोपवेल, आणि इकडे दोन मोठी कामं अडकलीत. एक आठवडा थांब, मग मीच सांगतो. मला शपथ घातली. हसत होते, आई. मला वाटलं गंमतच आहे." त्यानं बुटाच्या टोकानं ती रेघ घासली. "आणि मग ते गेले. मी सांगितलं असतं तर... म्हणून मग सुईच. सुई म्हटलं की दुसरं काही आठवायला लागायचं नाही. सगळ्यांना सांगत सुटलो. सांगितलं की तेवढा वेळ बरं वाटायचं."

सिस्टरला आधी राग आला. चौदा महिने ती मनात तोच दंड पुसत होती, तीच जागा पुन्हा पुन्हा तपासत होती. एका वाक्यात ह्या पोरानं तिला सोडवलं असतं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. राग होता, पण मग तिला दिसलं की त्याच चौदा महिन्यांत हा मुलगा एकटाच एका जिन्यावर उभा होता. आणि तिलाही आठवलं. शेवटच्या दिवसांत नवरा जेवण अर्धवट ठेवायचा. "वय झालं तुमचं," म्हणत तीच ताट उचलायची.

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"मी सतरा वर्षं नर्स आहे," ती म्हणाली. "ते माझ्या शेजारी झोपायचे. मला नाही दिसलं. तुला एकोणिसाव्या वर्षी काय कळणार होतं?"

"पण मला कळलं होतं."

"तुला नाडी कळली होती, खारू. हृदय नव्हतं कळलं."

तो रडायला लागला, लहान मुलासारखा नाकानं आवाज करत. तिनं टेबलावरचा कापूस तोडून त्याच्या हातात दिला. दुसरं काही जवळ नव्हतं. मग तिलाही हुंदका आला, आणि हुंदक्यातच हसू. "लबाड कुठले!" ती म्हणाली. "पोराला शपथा घालतात! समोर असते तर असं धरलं असतं ना..." समोर असते तर. ते शब्द तोंडातून निघाले आणि तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. त्या मोकळ्या हॉलमध्ये तिसरी खुर्ची कुणीतरी नुकतीच रिकामी केल्यासारखी वाटत होती.

बाहेर मुलांचे आवाज यायला लागले. जेवणाची सुट्टी संपत आली होती.

"आमच्या मजल्यावर अकरा जण माझ्यामुळे थांबलेत," खारू नाक पुसत म्हणाला. "त्यांना सांगायला पाहिजे."

"सांग."

"मीही घेतो. पण तुझ्या हातून नको, आई." मग घाईनं म्हणाला, "अजून नको. म्हणजे..."

"डॉक्टरबाईंच्या रांगेत लाग," सिस्टर म्हणाली. "त्यांचा हात माझ्याइतका हलका नाही, पण चालेल."

तिला म्हणायचं होतं, आज घरी चल. ते तिनं ओठांवर येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो अकरांपैकी सात जणांना घेऊन आला. काय सांगितलं त्यांना, ते तिनं विचारलं नाही. तो डॉक्टरबाईंपुढे बसला तेव्हा ती शेजारच्या टेबलावर दुसऱ्याच एका मुलाचा दंड पुसत होती. तिनं मान वळवली नाही, पण तिचे कान तिकडे होते. "लागलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "थोडं," खारू म्हणाला.

लस घेतल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसायचा नियम होता. खारू भिंतीकडच्या खुर्चीत बसला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तो असा एका जागी, तिला दिसेल असा बसला होता, आणि नियमच असल्यामुळे त्याला जाता येणार नव्हतं. सिस्टरनं त्या पंधरा मिनिटांत नऊ जणांना टोचलं. प्रत्येक दोघांमध्ये तिनं एकदा तिकडे पाहिलं. केस कापायला झालेत. घड्याळ बापाचं घातलंय, म्हणजे ते त्याच्याकडे होतं तर. तिनं घरभर शोधलं होतं. शेजारच्या मुलाच्या कशाला तरी तो हसला. हसताना आता त्याच्या गालावर एक रेघ पडते, ती आधी पडत नव्हती. पंधरा मिनिटं झाली तसे भाऊ दारातून ओरडले, "चला, तुमची सुटका!" आणि तो उठला. जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हात अर्धा वर केला.

मोहीम संपली तेव्हा नऊशे चाळीसपैकी सहाशे बारा जणांनी लस घेतलेली होती. ती चष्म्याची मुलगी काही आली नाही. सिस्टरनं तिला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ती फार गोड बोलली आणि दोन्ही वेळा सोमवारी येते म्हणाली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी, अजून उजेड असताना, सिस्टर चार मजले चढून घरात आली आणि पाणी प्यायली तोच फोन वाजला.

"हात दुखतोय," खारू म्हणाला.

"दुखणारच. दोन दिवस दुखेल. हलवत राहा, धरून ठेवू नकोस."

"हं." फोन ठेवला नाही त्यानं. "बाबांचा दुखला होता?"

"तर! दुसऱ्या दिवशी लिफ्टचं बटण उजव्या हातानं दाबावं लागलं म्हणून संध्याकाळपर्यंत कुरकुरत होते. म्हणाले, आता उजव्या हाताला नवं खातं दिलंय."

खारू हसला. मग म्हणाला, "आणि तिसऱ्या दिवशी?"

सिस्टर खुर्ची ओढून बसली. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्यांनी बाथरूमचा गळका नळ काढला आणि नवीन बसवायला घेतला, तो अर्धाच राहिला. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, जुन्या मित्राचा फोन आला आणि दोघं तासभर कुठल्याशा पडलेल्या लिफ्टबद्दल बोलत बसले. हे सगळं तिच्याजवळ होतं. इतके दिवस ते कुणी मागितलं नव्हतं आणि तिनंही कुणाला दिलं नव्हतं. खारू मध्येमध्ये विचारत होता, कुठला मित्र, नळाचं पुढे काय झालं. नळ अजून तसाच आहे, ती म्हणाली. मग त्याला खालून कुणीतरी हाक मारली.

"जातो," तो म्हणाला. "पाचवा दिवस उद्या सांग."

फोन ठेवून सिस्टर तशीच बसून राहिली. पाचवा दिवस म्हणजे शनिवार. शनिवारी ते घरीच होते, एवढं तिला नक्की आठवत होतं. काय बोलले, काय घातलं होतं, दुपारी झोपले की नाही, काही केल्या आठवेना. साधा शनिवार होता तो, लक्षात ठेवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि त्या दिवसाच्या सकाळपासून सुरुवात केली: आधी ते उठले असतील, मग खिडकी उघडली असेल.